लिथुआनियाचे सुरेलिस जर्मनीत विकायचे तर: थंड चीज स्नॅकच्या धंद्याची पहिल्या पॅलेटपर्यंतची वाट

विल्नियस किंवा रीगाच्या कुठल्याही किराणा दुकानात दुधाच्या फ्रीजसमोर उभे राहा. चकचकीत कागदात गुंडाळलेल्या, बोटभर लांब वड्यांची अख्खी ओळ दिसेल. कागद सोडला की वर कोकोचे पातळ कवच. दात लावला की ते तडकते आणि आत मऊ, गोडसर, किंचित आंबट चक्का लागतो. श्रीखंडासाठी टांगलेला चक्का साखर घालून दाबला आणि चॉकलेटमध्ये बुडवला तर जे तयार होईल, जवळपास तेच. लिथुआनियात याला सुरेलिस म्हणतात, म्हणजे ‘छोटे चीज’. एस्टोनियात कोहुके, लाटव्हियात कारुम्स हा ब्रँड घरोघरी, आणि हंगेरीत 1968 पासून तूरो रूदी.

मी हा माल बाल्टिक देशांतून, म्हणजे लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनियातून, जर्मनीत लाइपझिगला आणतो. आपल्याकडची बरीच मुले इथे शिकून नोकरीला लागली आहेत आणि जोडधंदा म्हणून खाद्यपदार्थांकडे वळू पाहतात. त्यांच्याकडून सारखे विचारले जाते की परवाने कोणते लागतात. परवाने सांगतोच, पण ते शेवटी मिळून जातात. मला आधी दिवसांबद्दल बोलायचे आहे, कारण मी ज्यांना या धंद्यात पैसे घालवताना पाहिले त्या सगळ्यांचे दिवसच चुकले होते.

आधी कॅलेंडर, मग कॅल्क्युलेटर

समजा, वडीचे आयुष्य 40 दिवसांचे आहे. कारखान्यातून माल निघेपर्यंत 3 दिवस जातात. तुमची ऑर्डर लहान असल्याने गाडी भरायची वाट पाहावी लागते, मग पोलंड ओलांडून माल येतो. त्यात 4 दिवस धरा. गोदामात आला तेव्हा 33 दिवस उरले. आता दुकानदाराची अट येते: माल हातात पडेल तेव्हा निदान दोन-तृतीयांश आयुष्य शिल्लक हवे. 40 चे दोन-तृतीयांश म्हणजे 27 दिवस. 33 मधून 27 गेले, तुमच्या हातात राहिले 6 दिवस. एवढ्यात पूर्ण खेप दुकानांत पोचली पाहिजे.

समजा, एका पॅलेटवर, म्हणजे खोकी रचून गाडीत चढवायच्या लाकडी चौकटीवर, 8000 वड्या बसतात. छोटे दुकान पहिल्यांदा दोन खोकी घेते, म्हणजे 40 वड्या. 8000 ला 40 ने भागा, 200 दुकाने झाली. सहा दिवसांत 200 दुकाने कोणताही नवा माणूस करू शकत नाही. म्हणून सुरुवात कधीही एकाच मालाच्या पॅलेटने करू नका. कारखान्याकडून मिश्र पॅलेट मागा: थोडे सुरेलिस, बाकी महिनोन्महिने टिकणारा माल, जसे दोऱ्यांसारखे सुटणारे धुरावलेले चेचिल चीज किंवा निर्वात पाकिटातले चीजचे तुकडे. कारखाना मिश्र पॅलेट द्यायला तयार नसेल तर आधीपासून तिथून माल आणणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याच्या गाडीत चतकोर जागा घ्या. नफा कमी होईल, पण माल कचऱ्यात जाणार नाही.

गोठवून आयुष्य वाढवू, असा विचार हमखास येतो. चक्का गोठवून वितळवला की पाणी सुटते आणि तो रवाळ होतो. शिवाय गोठवलेला पदार्थ वितळवून विकताना तो वितळवलेला आहे हे लेबलवर लिहावे लागते.

माल युनियनच्या आतला की बाहेरचा

लिथुआनियातून जर्मनीत येणारा माल कायद्याच्या भाषेत आयात नसतो. दोन्ही देश युरोपियन युनियनमध्ये असल्याने सीमेवर कस्टम नाही की पशुवैद्यकीय तपासणी नाही. दोघांकडे व्हॅट आयडी असला की विकणारा व्हॅटशिवाय बिल करतो. तुम्ही तुमच्या विवरणपत्रात खाद्यपदार्थांचा 7 टक्के कर दाखवता आणि सर्वसाधारण व्हॅटखाली असाल तर त्याच विवरणपत्रात तो वजाही करता. समोरच्याचा नंबर चालू आहे का, ते युनियनच्या व्हीआयईएस या संकेतस्थळावर तपासून त्याची प्रिंट बिलाला जोडून ठेवा.

युनियनबाहेरचा दुधाचा पदार्थ म्हणजे वेगळेच जग. तो देश युनियनच्या यादीत हवा, कारखानाही यादीत हवा, प्रत्येक खेपेसोबत सरकारी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र हवे, ट्रेसेस या प्रणालीत आगाऊ सूचना हवी, आणि माल नेमून दिलेल्या सीमा तपासणी नाक्यावरूनच यायला हवा. पुण्याहून श्रीखंड आणि पनीर मागवून विकू, असे जे मला विचारतात त्यांना मी हेच सांगतो. भारतातून येताना बॅगेत घरचे पेढे किंवा पनीर आणणेही युनियनच्या नियमात बसत नाही. नव्या माणसाने युनियनच्या आतल्या मालावरच हात बसवावा.

नोंदण्या, आणि त्यातला एक खड्डा

गावच्या कार्यालयात व्यवसायाची नोंद म्हणजे गेवेर्बे-आनमेल्डुंग, मग फिनान्त्सआम्टकडून, म्हणजे कर कार्यालयाकडून, कराचा नंबर आणि व्हॅट आयडी. हे सगळ्यांनाच करावे लागते. त्यानंतर पशुवैद्यकीय आणि अन्न तपासणी कार्यालयात खाद्य व्यवसायाची नोंद. ती युनियनच्या नियम 852/2004 खाली येते. त्याच नियमाखाली धोक्यांचा लेखी आराखडा, म्हणजे एचएसीसीपी, ठेवावा लागतो. आपला धंदा फक्त पॅकबंद थंड माल साठवून पुढे देण्याचा असेल तर तो दोन-तीन पानांत बसतो: माल घेताना काय मोजायचे, साठवताना किती वेळाने मोजायचे, मोजमाप चुकले तर काय करायचे, कोण सही करणार.

आता खड्डा. प्राणिजन्य पदार्थ थंड ठेवून घाऊक विकायचे असतील तर त्या शीतगोदामाला नियम 853/2004 प्रमाणे स्वतंत्र मंजुरी आणि मंजुरी क्रमांक लागू शकतो. नुसती नोंद पुरेलच असे नाही, आधी तपासणी कार्यालयाला विचारा. किरकोळ दुकान, नुसती वाहतूक आणि थंड न ठेवावा लागणारा माल यांना यातून सूट आहे, तुमच्या गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीजला ती मिळेलच असे नाही. बरेच जण गॅरेजवर पैसे घालतात आणि मग अधिकारी येऊन थांबवतो. मंजुरी असलेल्या शीतगोदामात पॅलेटप्रमाणे भाड्याने जागा मिळते, ती घ्या. करारात तापमानाची नोंद तुम्हाला रोज मिळेल आणि आधी संपणारा माल आधी बाहेर काढला जाईल, या दोन ओळी लिहून घ्या.

तिसरी गोष्ट वेष्टनाची. जर्मनीत वेष्टनासह माल पहिल्यांदा आणणारा त्या कचऱ्यालाही जबाबदार. 1 जानेवारी 2019 पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे लुसिड या नोंदवहीत नाव घालायचे आणि पुनर्वापर व्यवस्था चालवणाऱ्या कंपनीशी करार करून वजनाप्रमाणे पैसे भरायचे. लहान मालासाठी रक्कम फार नसते. पण टाळाटाळ केली तर दंड 2 लाख युरोपर्यंत जाऊ शकतो आणि नोंद नसताना माल विकायलाच बंदी आहे. कारखाना म्हणेल की आमच्या देशात आम्ही पैसे भरले आहेत. त्याचा इथे उपयोग नाही.

दुकानात चव देण्यासाठी कागद सोडून तुकडे कापून ठेवणार असाल तर आरोग्य कार्यालयाची संसर्गविषयक माहितीसत्राची पावती लागते. पहिल्यांदा काम सुरू करताना ती तीन महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही.

कारखान्याकडून काय मागायचे

दर विचारण्याआधी मालाचे पूर्ण तपशीलपत्र मागा: घटक, पोषणमूल्ये, ॲलर्जी देणारे पदार्थ, साठवणीचे तापमान, एकूण आयुष्य, पॅलेटवर किती खोकी. पाकिटावर लंबगोल शिक्का असतो, त्यात देशाची खूण आणि कारखान्याचा क्रमांक. तो क्रमांक त्या देशाच्या मंजूर कारखान्यांच्या यादीत स्वतः शोधा. बारकोडवरून मूळ देश ठरवू नका. 477 ने सुरू होणारा क्रमांक लिथुआनियात, 475 लाटव्हियात, 599 हंगेरीत नोंदवला गेला एवढेच सांगतो. वडी कुठे बनली ते सांगत नाही.

लिस्टेरिया या जंतूबद्दल लेखी विचारा. हा फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदर बायकांसाठी फार घातक असतो. नियम 2073/2005 ची मर्यादा ग्रॅममागे 100 जंतू आहे. नियम 2024/2895 ने हे कडक केले आहे: 1 जुलै 2026 पासून, ज्या पदार्थात हा जंतू वाढू शकतो त्यात पूर्ण आयुष्यभर 100 च्या आतच राहील हे कारखान्याला सिद्ध करता आले नाही, तर 25 ग्रॅममध्ये तो अजिबात सापडता कामा नये, आणि ही अट माल दुकानात असतानाही लागू राहते. कारखान्याने आयुष्यमानाचा अभ्यास केला आहे का, असे सरळ विचारा. जो हा प्रश्न टाळतो त्याच्याकडून मी माल घेत नाही.

आपल्या गिऱ्हाइकांचा एक प्रश्न ठरलेला: व्हेज आहे का? चीज घट्ट करायचे रेनेट वासराच्या जठरातले आहे की सूक्ष्मजीवांपासून केलेले, हे लेबलवर लिहिणे सक्तीचे नाही. म्हणून कारखान्याकडून मेलवर उत्तर घ्या आणि ते जपून ठेवा. लाइपझिगच्या मराठी मंडळींना मी तोंडी सांगत नाही, मेल दाखवतो. लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, तिथे अंदाज चालत नाही.

लेबल

नियम 1169/2011 सगळ्या युनियनला एकच आहे, पण भाषा प्रत्येक देशाची. जर्मनीत जर्मन हवी. कागदावर लिथुआनियन, लाटव्हियन, एस्टोनियन अशा तिन्ही भाषा दाटीने छापलेल्या असतात आणि नेमकी जर्मन नसते. मग स्टिकर लावायचे.

माझ्या समोरच्या 45 ग्रॅमच्या वडीची सर्वांत मोठी बाजू साधारण 12 बाय 4 सेंटीमीटर, म्हणजे 48 चौरस सेंटीमीटर आहे. 80 च्या आत असल्याने लहान अक्षराची उंची 0.9 मिलिमीटर चालते. एरवी 1.2 लागते. पोषणमूल्यांचा तक्ता मात्र टळत नाही, ती सूट 25 चौरस सेंटीमीटरच्या आतल्या पाकिटांना. स्टिकरने मूळची तारीख, लॉट क्रमांक (एका वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक) आणि लंबगोल शिक्का झाकता कामा नये. म्हणून मी आधी साध्या कागदाचा तुकडा कापून वडीवर फिरवतो, मोकळी जागा कुठे सापडते ते पाहतो आणि मगच छपाईला देतो. चिकटपट्टीचा डिंक थंडीत धरणारा हवा. साध्या डिंकाची स्टिकरे फ्रीजच्या दमट हवेत कडेने उलटतात.

मजकुरात तीन जागा सांभाळा.

पहिली जागा नावाची. कवचात कोको बटरऐवजी पाम तेल असेल तर त्याला चॉकलेट म्हणता येत नाही. चॉकलेटमध्ये ठरावीक वनस्पती चरबी 5 टक्क्यांपर्यंतच चालते. स्वस्त वड्यांवरचे कवच बहुधा कोकोयुक्त चरबीचे असते, ते तसेच लिहायचे आणि तेल पामचे आहे हेही लिहायचे. आतल्या भागात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती चरबी घातली असेल तर चीज किंवा क्वार्क (चक्क्याचा जर्मन शब्द) हे शब्दही वापरता येत नाहीत. बाल्टिक दुकानांत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात. खरा चक्का असलेला माल घ्या, ग्राहक परत येतो तो त्यासाठीच.

दुसरी ॲलर्जीची. दूध, सोया, शेंगदाणे, काजू-बदाम वगैरे 14 गट आहेत. ते घटकांच्या यादीत ठळक अक्षरांत उठून दिसले पाहिजेत.

तिसरी तारखेची, आणि इथे भाषांतर चुकले तर सगळे चुकते. ‘त्सू फेरब्राउखेन बिस’ म्हणजे या तारखेपर्यंतच खा. त्यानंतर विकणे बेकायदा. ‘मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस’ म्हणजे तोपर्यंत नक्की चांगले. त्यानंतर माल ठीक असेल तर विकता येतो, जबाबदारी विकणाऱ्याची. मूळ कागदावर यातले कोणते आहे, ते त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासून घ्या. भाषांतराच्या ॲपवर सोडू नका.

‘प्रथिनांनी भरपूर’ असे लिहायचा मोह होईल. एकूण ऊर्जेपैकी 20 टक्के प्रथिनांतून येत असेल तरच ‘भरपूर’, 12 टक्के असेल तर ‘स्रोत’. साखर आणि चरबीच्या वडीत हे गणित नेहमी बसत नाही. आधी करून पाहा.

गाडी, आणि रॅम्पवरची पन्नास मिनिटे

नाशवंत मालाच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा 1970 चा जिनिव्हा करार आहे, एटीपी. त्यात ताज्या चीजला +6 अंश किंवा लेबलवरचे तापमान अशी मर्यादा आहे. गाडीवर एटीपीची पाटी आणि तिची मुदत बघून घ्या. विल्नियस ते बर्लिन सुमारे 1000 किलोमीटर आहे, पण ड्रायव्हरला दिवसाला साधारण 9 तासच चालवता येते. त्यामुळे ‘उद्या सकाळी पोचेल’ या शब्दावर दुकानांच्या वेळा ठरवू नका.

एका जूनमध्ये माझी खेप वेळेवर आली. गाडीच्या पडद्यावर 4 अंश. मी खुशीत सही केली. दुसऱ्या दिवशी खोके उघडले तर कागदांवर आतून दवाचे थेंब, कवचावर पांढुरकी बुरशीसारखी झाक. बुरशी नव्हती, चरबी वर आली होती. पण ग्राहकाला ते कसे सांगणार? मागाहून डेटा लॉगर (मालासोबत तापमान नोंदवत जाणारे छोटे यंत्र) वाचला तेव्हा कळले की वाटेत दुसऱ्या मालासाठी गाडी उघडली तेव्हा माझी पॅलेट पन्नास मिनिटे उन्हात रॅम्पवर, म्हणजे माल चढवायच्या ओट्यावर, उभी होती. नुकसान माझ्या अंगावर पडले, कारण वाहतुकीच्या कागदावर मी ‘माल ठीक’ म्हणून सही केली होती आणि लेखी तक्रार करायला दहा दिवस लावले होते.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. कारखान्यातच पॅलेटच्या मध्यात एक लॉगर ठेवायला सांगतो. माल आला की ड्रायव्हरसमोर वरचे, मधले आणि खालचे खोके काढतो. वडीला भोक पाडत नाही. दोन खोक्यांच्या मध्ये थर्मामीटरची चपटी पट्टी सरकवून दाबून धरतो आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबतो. गाडीच्या पडद्यावरचा आकडा हवेचा असतो, मालाचा नव्हे. तापमान जास्त निघाले किंवा खोके ओले असले तर सही करण्याआधी सीएमआर या वाहतुकीच्या कागदावर आकड्यासह लिहितो. बाहेरून न दिसणारे नुकसान रविवार आणि सुट्ट्या सोडून 7 दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते. त्यानंतर ते सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. वाहतूकदाराची भरपाईही किलोप्रमाणे ठरलेल्या मर्यादेतच असते, म्हणून उन्हाळ्याच्या खेपांचा वेगळा विमा काढतो.

दराचा हिशेब

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. वडीची खरेदी 38 सेंट. पॅलेटचे भाडे 480 युरो, 8000 वड्यांवर वाटले की 6 सेंट. गोदाम 5, स्टिकर आणि वेष्टनाचे शुल्क 4. बेरीज 53 सेंट. दुकानदाराला 68 ला दिली, वर 7 टक्के व्हॅट. तो 1.09 युरोला विकतो, कर वजा जाता त्याला जवळपास 1.02 पडतात आणि त्याचे तेहतीस टक्के सुटतात. ठीक आहे.

पण दहा टक्के माल तारखेने वाया गेला तर विकल्या गेलेल्या प्रत्येक वडीचा खर्च 59 सेंट होतो आणि तुम्हाला 9 उरतात. वीस टक्के गेला तर खर्च 66 च्या वर आणि उरतात दोन सेंटही नाहीत. खरेदीत एक सेंट कमी करून घेण्यासाठी आठवडाभर घासाघीस करणाऱ्यांनी हा फरक नीट पाहावा. कारखान्याकडे एक सेंट सवलतीऐवजी ताज्या उत्पादनाची मागणी करा: ‘उत्पादनानंतर 48 तासांत गाडीत’. ती अट जास्त पैसे देते.

जर्मनीत शेल्फवर किलोचा दरही लावावा लागतो. 99 सेंटची 45 ग्रॅमची वडी म्हणजे किलोला 22 युरो. ग्राहक तो आकडा वाचतो. म्हणून पाच वड्यांचा एकत्र गठ्ठा ठेवा आणि दर थोडा खाली आणा.

कुठे विकायचे

पहिले गिऱ्हाईक ज्याला ही वडी लहानपणापासून माहीत आहे तेच. बाल्टिक, पोलिश, युक्रेनी, रशियन माणसांच्या वस्तीतली दुकाने. तिथे समजावून सांगावे लागत नाही, फक्त ताजा माल लागतो. त्यानंतर एडेका या जर्मन किराणा साखळीची दुकाने. एडेका सहकारी संस्था आहे आणि तिची बरीच दुकाने स्वतंत्र मालक चालवतात. त्यांना थोडा माल स्वतःच्या निर्णयाने ठेवता येतो. सकाळी आठच्या आधी जा, थंड पिशवीत नमुने घेऊन जा, मालक भेटेपर्यंत थांबा. वडी फ्रीजबाहेर दहा मिनिटे राहिली की कवच तडकत नाही, वाकते, आणि पहिली छाप तिथेच जाते. भारतीय दुकानांत मी चक्क्याचा धागा धरून बोलतो. आपल्या लोकांना व्हॅनिलापेक्षा साधी वडी आवडते, असा माझा अनुभव आहे.

मोठी साखळी दारात आली तर घाबरून सगळे मान्य करू नका. अन्यायकारक व्यवहारांविरुद्धचा युनियनचा निर्देश 2019/633 जर्मन कायद्यात 2021 मध्ये आला. तुमच्यासारख्या लहान पुरवठादाराला मोठ्या खरेदीदाराने नाशवंत मालाचे पैसे 30 दिवसांत द्यायचे असतात. ऐन वेळी ऑर्डर रद्द करणे किंवा न विकलेला माल पैसे न देता परत पाठवणे त्याला चालत नाही. हे करारात शब्दांत लिहून घ्या.

परत मागवायची वेळ आली तर

माल कोणाकडून आला आणि कोणत्या दुकानाला गेला, हे नियम 178/2002 प्रमाणे दाखवता आले पाहिजे. माझी वही साधी आहे: लॉट क्रमांक, तारीख, नग, दुकान, सही. वर्षातून दोनदा मी एक लॉट मनाने निवडतो आणि घड्याळ लावून शोधतो, तो कुठे कुठे आहे. पहिल्या वेळी पाच तास लागले, कारण दोन दुकानांच्या बिलांवर लॉट लिहिलाच नव्हता. आता चाळीस मिनिटांत होते. दुकानांचे चालू फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर ठेवा, आणि कारखान्याच्या गुणवत्ता विभागाचा रात्री लागणारा नंबर त्याच्या वर.